हाताने पत्रा ठोकून वाटी-भांडी घडवणं: छंद म्हणून सुरुवात कशी करावी? (सोलापूर)

होटगीरोड (धागाकर्ता)

गच्चीवर पत्र्याची १० बाय ८ फुटांची शेड मोकळी आहे. तिथे तांब्याचा पत्रा हाताने ठोकून साधारण १२ सेंटिमीटर तोंडाची आणि ४ सेंटिमीटर खोल वाटी करायची आहे. मशीन नको, वेल्डिंग नको. हाताशी साधी खिळे ठोकायची हातोडी, दोन कानशी आणि छोटा ग्राइंडर आहे. खर्च पाच हजारांच्या आत बसवायचाय.

पत्रा किती जाडीचा घ्यावा आणि चकती केवढी कापावी? ऐरण लागतेच का? पत्रा मऊ करायला घरचा गॅस चालेल का? व्हिडिओत सगळे इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून गोलवा आणणारं यंत्र) फिरवताना दिसतात, ते घेणं शक्य नाही.

ठोकपीट

ऐरण नको, इंग्लिश व्हील तर अजिबात नको. वाटीला तीनच गोष्टी लागतात: लाकडाचा ओंडका, आरशासारख्या तोंडाचा हातोडा आणि जाळ.

तांबं घ्या, २० गेज. पत्र्याच्या बाजारात गेज म्हणजे एसडब्ल्यूजी (जाडीची ब्रिटिश मापपद्धत, आकडा वाढला की पत्रा पातळ): १८ गेज १.२२ मिमी, २० गेज ०.९१, २२ गेज ०.७१, २४ गेज ०.५६. चोवीसच्या पत्र्याला काठावर लगेच चुण्या पडतात. अठराचा चुण्या कमी पाडतो, पण नवं मनगट अर्ध्या तासात दुखायला लागतो. वीस मधला. दुकानदार बोलेल त्यावर न जाता व्हर्नियर लावून बघा, बाविसचा पत्रा वीस म्हणून हातात येऊ शकतो. नरम पत्रा मागा. कडक मिळाला तरी बिघडत नाही, पहिल्या तावात (तापवण्यात) मऊ पडतो.

चकतीचं गणित सोपं आहे. वाटी म्हणजे गोलाचा एक काप धरा. तोंडाची त्रिज्या ६०, खोली ४०. साठचा वर्ग ३६००, चाळीसचा १६००, बेरीज ५२००, वर्गमूळ ७२. म्हणजे चकतीची त्रिज्या ७२, व्यास १४४ मिमी. काठ सारखा करायला थोडा जातो, म्हणून १५० कापा. यात जाडी बदलत नाही असं धरलंय. प्रत्यक्षात खळग्यात ठोकताना मधला भाग थोडा पातळ होऊन पसरतो, तेव्हा हे माप कमी पडणार नाही.

तांब्याची घनता ८.९६. दीडशेची चकती २० गेजमध्ये साधारण १४४ ग्रॅम भरते. भाव किलोवर आणि रोज बदलणारा, म्हणून वजनातच विचार करा. एक चकती आणू नका. ३० सेंमी चौरस तुकडा घ्या, ७३० ग्रॅमच्या आसपास बसेल आणि त्यातून बरोबर चार चकत्या निघतात. पहिल्या दोन वाया जाणार असं धरूनच चला.

बाळीवेस

मालक, तांब्याचा पत्रा मंगळवार पेठ, टिळक चौक, मधला मारुती या बाजारात फिरून विचारा. भांडीवाल्याकडे नसला तरी कुणाकडे मिळेल ते तो सांगतो. मोडीतली जुनी घागर फाडून पत्रा काढायचा मोह होईल. पहिल्या कामाला नको. आतून कल्हईचं कथील आणि सांध्यांना डाग (वितळवलेल्या धातूचा जोड) असतो, तो पत्रा लाल तापवला की कथील-शिसं तांब्यात शिरतं, खड्डे पडतात आणि त्याच जागी पत्रा तुटतो. स्वस्त म्हणून घ्याल आणि दिवस घालवाल.

बाभूळ

ओंडक्याबद्दल. चिंचेचा सगळ्यात चांगला, खाटीक तोच वापरतात, कारण तो दाट असतो आणि घाव बसले तरी ढलप्या निघत नाहीत. बाभूळ दुसऱ्या नंबरला. वखारीत सांगा: ३० सेंमी व्यास, ५५ ते ६० सेंमी उंची, सुकलेला. ओंडका उभाच ठेवायचा, म्हणजे झाडाच्या वाढीची वर्तुळं वर दिसतात तो कापलेला भाग वर. आडव्या लाकडावर ठोकलं की रेषेवर फाटतं.

ओला ओंडका आणला तर सोलापूरच्या उन्हाळ्यात तो पंधरा दिवसांत तडकेल. दोन्ही तोंडांना जाड मेण किंवा उरलेला ऑइलपेंट लावा, सावलीत ठेवा. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी लोखंडी पट्टी वरच्या टोकाला बसवली तर उत्तम. पट्टी तापवून चढवायची आणि पाणी ओतायचं, थंड होताना ती स्वतःच आवळते.

खळगा ओंडक्याच्या मधोमध नको, काठाकडे करा, नाहीतर वाटी उथळ असतानाच हातोड्याचा दांडा लाकडाला अडतो. पहिला खळगा ९० मिमी रुंद, २० मिमी खोल. दुसरा ६० रुंद, १२ खोल. गोल पटाशीने काढा किंवा ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून. खळग्याच्या तोंडाला धार राहू देऊ नका, तीच धार पत्र्यावर रेघ होऊन उठते.

उभं राहून काम करणार असाल तर ओंडक्याचं तोंड कोपरापेक्षा थोडं खाली यावं. बसून करणार असाल तर ओंडका आणखी कापावा लागेल.

ठोकपीट

हातोड्याकडे कुणी बघत नाही आणि निम्मं काम तिथेच बिघडतं. खिळे ठोकायच्या हातोडीच्या तोंडाला धारदार कडा असतात. प्रत्येक ठोक्याला चंद्रकोरीसारखी खूण उमटते आणि ती नंतर जात नाही.

३०० ग्रॅमची बॉल पेन हातोडी (एका बाजूला गोल डोकं, दुसऱ्या बाजूला सपाट तोंड) घ्या. तिचं गोल डोकं वाटीला जरा जास्तच टोकदार असतं, एका जागी खड्डा पाडतं. ग्राइंडरने ते थोडं चपटं करा, लिंबाऐवजी संत्र्याचा गोलवा हवा. घासताना निळं पडू देऊ नका, पाण्यात बुडवत राहा, निळं झालं म्हणजे तोंड नरम पडलं. मग पॉलिश पेपर १२०, २२०, ४००, ६००, १००० या क्रमाने. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला आणि आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी ब्रासो. तोंडात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसलं की झालं. सपाट तोंडही तसंच करा, मध्ये अगदी थोडा फुगवटा आणि कडा पूर्ण गोल, कारण मठारायला (शेवटी हलक्या ठोक्यांनी पत्रा सारखा करायला) तेच लागणार.

या हातोडीने यापुढे खिळा, छिन्नी, पंच काहीही ठोकायचं नाही. घरच्यांनाही सांगून ठेवा.

गॅरेज_अक्कलकोट_रोड

तांबं महाग पडतं. ॲल्युमिनियमवर हात बसवा ना. १ मिमी शुद्ध ॲल्युमिनियमची १५० ची चकती ५० ग्रॅमसुद्धा भरत नाही आणि लोण्यासारखी चालते.

पितळी_ताई

चालते खरी, पण शिकवत नाही. तांबं तापताना रंग दाखवतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तोवर रंगच बदलत नाही, एका क्षणी खाली गळून पडतं. वापरायचंच असेल तर कपड्याच्या साबणाची वडी पत्र्यावर घासा आणि मागच्या बाजूने जाळ फिरवा. साबण गडद तपकिरी झाला की थांबा. काळाकुट्ट होईपर्यंत थांबलात तर उशीर होईल.

पितळ मात्र पहिल्या महिन्यात हातात घेऊ नका. त्याची कारणं पुढे लिहिते, आधी तांब्याचा ताव.

ताव देणं म्हणजे ठोकून कडक झालेला पत्रा तापवून पुन्हा मऊ पाडणं. तांबं सावलीत जेमतेम लाल दिसेपर्यंत तापवायचं, साधारण ६०० अंश. गच्चीवर भर उन्हात ही लाली दिसतच नाही. लोक अजून-अजून तापवत राहतात आणि पत्रा नारिंगी होतो. तेवढा ताव बसला की धातूचे कण मोठे होतात आणि पुढच्या ठोक्यात पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. तेव्हा ताव पहाटे किंवा दिवेलागणीला द्या, किंवा शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये जाळ पेटवायचा विचारही नको.

घरचा १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठीच आहे. ५ किलोचा खुल्या विक्रीचा मिळतो, त्याला रेग्युलेटर, चांगली होज आणि एलपीजीची बर्नर-टॉर्च. हातात मावणारी कॅनवाली टॉर्च १५० च्या चकतीला पुरत नाही, तांबं उष्णता पळवतं. खाली भट्टीच्या विटा मांडा, दोन खाली आणि दोन मागे आडोशाला. थेट कोब्यावर किंवा स्लॅबवर जाळ मारला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन सिमेंटचा तुकडा उडतो.

ज्योत एका जागी धरू नका. कडेने गोल फिरवत आत या. सगळीकडे एकदम लाली आली की सांडशीने उचलून पाण्यात. तांबं पाण्याने कडक होत नाही, ती गोष्ट पोलादाची. उलट वरची काळी पापडी सुटून येते. राहिलेली काळी घालवायला लिटरभर कोमट पाण्यात ७०-८० ग्रॅम लिंबूसत्व घालून त्यात अर्धा तास ठेवा. या द्रावणात लोखंडी सांडशी बुडवू नका, बांबूचा चिमटा करा. गंधकाम्ल वापरणारे वापरतात, घरात लहान मुलं असतील तर ते आणूच नका. धुऊन, पूर्ण पुसून मगच ठोकायला घ्या, ओला पत्रा हातोडीला गंज आणतो.

होटगीरोड

चकती कापली, ताव दिला. आता ठोका कुठून सुरू करायचा? मधून की काठाकडून?

ठोकपीट

खळग्यात ठोकताना काठाकडून आत. खुंट्यावर (ओंडक्यात बसवलेल्या गोल टोकाच्या पोलादी दांड्यावर) उभारताना बुडाकडून काठाकडे. दोन्हींची सरमिसळ झाली की वाटीचा कांदा होतो.

आधी काठ. कात्री चालवताना तिची पाती टोकापर्यंत मिटू नका. प्रत्येक मिटीला काठावर एक बारीक खाच पडते आणि पुढे चीर तिथूनच जाते. तीन चतुर्थांश मिटून पुढे सरका. मग कानशीने सगळा काठ घासा, दोन्ही बाजूंची धार मोडा, बोट फिरवल्यावर कुठेही अडकता कामा नये. पेन्सिलने मध्यापासून १० मिमीच्या अंतरावर वर्तुळं काढा. कंपासच्या टोकाने ओरखडू नका, तीही खाचच.

आता चकती खळग्यावर तिरकी धरा, काठ खळग्याच्या उतारावर टेकलेला. हातोडी मनगटातून, १०-१२ सेंमी उंचीवरून. हातोडी नेहमी त्याच एका जागी पडली पाहिजे, फिरते ती चकती. डाव्या हाताने प्रत्येक ठोक्याला ७-८ मिमी सरकवा. बाहेरचं वर्तुळ पूर्ण झालं की पुढचं, असं मध्यापर्यंत. तांबट पक्ष्याला ते नाव उगाच मिळालं नाही: एक चाल, एक जोर, अधेमधे थांबणं नाही. थांबून ‘इथे जरा जास्त हवंय’ म्हणून चार ठोके मारले की तिथे पोचा पडलाच.

इथे लोहाराचा एक ठोका चालत नाही, सोनाराचे शंभर लागतात. एक फेरी पूर्ण, मग ताव. पहिल्या फेरीनंतर खोली १० ते १२ मिमीच दिसेल आणि निराशा होईल. होऊ द्या. चाळीसची खोली गाठायला चार-पाच फेऱ्या आणि तितकेच ताव लागतात.

कडक झाल्याचं कानाला कळतं. मऊ तांबं ‘थप’ वाजतं, कडक पडत गेलं की आवाज वर चढतो, हातोडी उडून परत येते आणि पत्रा जागचा हलत नाही. त्याच क्षणी थांबून ताव द्यायचा, ‘अजून एक फेरी’ म्हणालात की चीर.

बाभूळ

चुण्यांचं गणित इथेच समजून घ्या. १५० च्या चकतीचा परीघ ४७१ मिमी. वाटीचं तोंड १२० करायचं म्हणजे परीघ ३७७. मधले ९४ मिमी कुठे जाणार? एकतर काठ जाड होऊन ते गिळतो, नाहीतर काठ चुण्या पाडून ते बाजूला ठेवतो. म्हणून प्रत्येक फेरीत काठ थोडाच आत घ्यायचा आणि चुणी दिसायला लागली की लगेच लाकडी मोगरीने ती बसवायची. चुणी उथळ असते तोवर दाबली जाते. तिची घडी एकमेकांवर पडली की संपलं, ती दाबली की चीर जाते.

मोगरी बाभळीची चालते. नायलॉनचा ५० मिमी रॉड मिळाला तर लेथवर एक तोंड सपाट आणि एक गोल करून घ्या, मोगरीपेक्षा जास्त टिकतो.

गॅरेज_अक्कलकोट_रोड

ओंडका नाही मिळाला तर वाळूची पिशवीही चालते. जाड चामडं किंवा ताडपत्री, दुहेरी, २५ सेंमी व्यास. भीमेची वाळू चाळून, तव्यावर पूर्ण सुकवून भरा. ठासून भरायची नाही, हाताने दाबल्यावर आकार धरेल इतकीच. वाळू गळली की ती हातोडीच्या तोंडाखाली येते आणि पॉलिशची वाट लागते, म्हणून शिवण दुहेरी.

सात_रस्ता

खुंट्यासाठी रेल्वेरुळाचा तुकडा भंगारात बघितलाय. घ्यावा का?

बाळीवेस

नको की ओ. बिल नसलेला रुळाचा तुकडा म्हणजे रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६. इथे तर रेल्वेचा विभागच बसलाय. त्यापेक्षा ट्रकच्या मागच्या एक्सलचा शाफ्ट घ्या. चांगलं पोलाद, हवं तेवढं वजन, आणि एका टोकाला थाळीसारखा फ्लँज असतो. सरळ टोक ओंडक्यात भोक पाडून ठोकून बसवा. फ्लँजवर मोठ्या ताटाचं बूड सपाट करता येतं. वाटीसाठी दुसऱ्या तुकड्याचं टोक ग्राइंडरने गोल करून घ्या.

ठोकपीट

त्या गोल टोकाचा गोलवा वाटीच्या आतल्या गोलव्यापेक्षा थोडा जास्त हवा, म्हणजे कुठल्याही क्षणी एकच ठिपका टेकतो. सारखा किंवा चपटा असेल तर दोन ठिकाणी टेकतो आणि मध्ये पोकळ राहतं. पॉलिश हातोडीसारखंच, ६०० पर्यंत तरी. खुंट्यावरचा प्रत्येक ओरखडा वाटीच्या आत छापला जातो.

होटगीरोड

पहिली वाटी इथवर आली: खोली ३४, तोंड १२८. तीन दोष. काठाला एक चीर, ८ मिमी आत गेलेली. उलट बाजूला दोन चुण्यांच्या घड्या. आणि बूड अंगठ्याने दाबलं की डब्याच्या झाकणासारखं टक-टक करतं.

बाभूळ

चिरेला डाग देऊ नका. ठोकताना डागाशेजारीच पुन्हा उघडेल. सगळा काठ ९-१० मिमी खाली कापून टाका, वाटी उथळ होईल पण नीट होईल. उंची सारखी आखायला शहाबादी फरशीवर वाटी सरळ ठेवा, शेजारी हव्या त्या उंचीचा लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर आडवी पेन्सिल धरा आणि वाटी फिरवा. कापून झालं की फरशीवर २२० चा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवून, वाटी उपडी ठेवून आठच्या आकड्यात घासा. काठ सपाट झाला की फरशी आणि काठ यांच्यामधून उजेड दिसत नाही.

घड्या त्या दहा मिलिमीटरमध्ये जात असतील तर नशीब. खाली उतरल्या असतील तर ही चकती सरावाला ठेवा, पुढचं मठारकाम तिच्यावर शिका.

पितळी_ताई

टक-टक म्हणजे बुडाचा मधला भाग ताणला गेलाय आणि आजूबाजूचा कडक आहे, ताणलेला भाग कुठे जाणार, म्हणून तो वर-खाली उडतो. शेवटच्या फेरीत मध्यावर जोर जास्त झाला की हमखास होतं. तसंच मठारत बसाल तर वाढत जाईल. पूर्ण वाटीला ताव द्या, मग बूड मुद्दाम एक-दीड मिलिमीटर आत दाबा. ४०-४५ मिमी व्यासाचं वर्तुळ आखून, वाटी उपडी सपाट लाकडावर ठेवून मोगरीने. वाटी मग त्या कड्यावर बसते, डुगडुगत नाही आणि आवाजही जातो. घरातल्या तांब्याचं बूड उलटून बघा.

ठोकपीट

मठारकाम. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या भांड्यांवर जे एकसारखे चकाकते पैलू दिसतात, ते यातून येतात. नक्षी ही जमेची बाजू, खरं काम पत्रा दाबून कडक आणि सारखा करणं.

शेवटचा ताव, लिंबूसत्व, धुणं, पुसणं. वाटी खुंट्यावर पालथी. हातोडीचं सपाट बाजूचं तोंड, जोर इतका कमी की हातोडी स्वतःच्या वजनाने पडते असं वाटावं. मध्यापासून सुरू करून वर्तुळावर वर्तुळ बाहेर. प्रत्येक पैलू आधीच्यावर निम्मा चढलेला.

इथेही कानच काम करतात. वाटी, खुंटा आणि हातोडी एका रेषेत असतील तर स्वच्छ ‘टण’ येतो. ‘टप’ आला म्हणजे खाली पोकळ आहे आणि तुम्ही पोचा पाडताय. वाटी हलवून ‘टण’ शोधा, मगच पुढचा ठोका. काम सुरू करण्याआधी बोटांना तेल नको, घाम नको. काठाशी आलात की जोर आणखी कमी, नाहीतर काठ पसरून लाटा येतात. मठारल्यावर ताव देऊ नका, कमावलेला कडकपणा जातो.

सात_रस्ता

पितळाला काय होतं ते राहिलंच.

पितळी_ताई

तीन गोष्टी. पहिली, पितळ कोणतं ते बघावं लागतं. ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त असलेलं थंड ठोकायला उत्तम, ६३-३७ चालतं, ६०-४० थंडीत फुटतं. लेथकामासाठी शिसं घातलेला रॉड तर चुरा होतो. दुसरी, लाल असताना पाण्यात टाकलं तर तडकू शकतं. लाली पूर्ण जाऊ द्या, थोडं थांबा, मग पाणी. जास्त तापवलं तर जस्त पांढरा धूर होऊन निघून जातं.

तिसरी गोष्ट लोकांना खोटी वाटते: ठोकून ठेवलेलं पितळ कपाटात आपोआप फुटतं. आतला ताण आणि अमोनिया एकत्र आले की होतं. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचे आणि त्यांची पितळी आवरणं तडकायची. घोड्याच्या मुतातला अमोनिया हे कारण १९२१ मध्ये उलगडलं. तेव्हा पितळी काम संपलं की २५०-३०० अंशांवर तासभर ठेवून ताण काढा, आणि गोठ्याजवळ टांगू नका.

होटगीरोड

वाटीत शेंगाचटणी ठेवली तर चालेल का, की कल्हई लागेलच?

बाळीवेस

शेंगाचटणीत मीठ आहे, लसूण आहे. कल्हई करून घ्या. कोऱ्या तांब्यात पाणी ठेवा, कोरडे शेंगदाणे ठेवा. ताक, चिंच, लोणचं, कढी अजिबात नाही.

पितळी_ताई

कल्हई स्वतः करायची असेल तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. वाटी आतून राखेने किंवा बारीक वाळूने घासून लखलखीत करा, बोटाचा डागही नको. बाहेरून तापवा, नवसागराची पूड भुरभुरवा, पांढरा धूर निघतो, तो नाकात घेऊ नका. कथील २३२ अंशांना वितळतं, कांडी टेकवल्यावर पाण्यासारखी पसरली पाहिजे. लगेच कापसाच्या बोळ्याने किंवा जाड सुती चिंधीने फिरवून पुसा. चिंधी सुतीच हवी, टेरिकॉट वितळून चिकटतं. कथील गोळा होऊन पळत असेल तर ती जागा मळकी आहे. पिवळं-निळं पडलं तर जास्त तापलं.

शुद्ध कथील मागा. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानातली ६०-४० सोल्डरची तार वापरायची नाही, तिच्यात ४० टक्के शिसं असतं. आणि कल्हईनंतर ताव नाही, म्हणून ही पायरी अगदी शेवटची.

कन्ना_चौक

शेजाऱ्यांचं काय करता? गच्चीवरचा ठोका खालच्या मजल्यावर छातीत बसतो.

बाभूळ

ओंडका स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खाली खांब किंवा बीम असेल तिथे ठेवा. खाली जाड रबरी मॅट आणि तिच्यावर जुनी सोलापुरी चादर चौपदरी, धक्का बराच कमी होतो. खुंट्याचा घणघणाट मोडायला त्याला मोठं चुंबक चिकटवा किंवा सायकलची जुनी चेन गुंडाळा. दुपारी दोन ते चार बंद. स्वतःच्या कानात मात्र पहिल्या ठोक्यापासून प्लग हवेत, पत्र्याच्या शेडमध्ये आवाज दुप्पट घुमतो. डोळ्यांना चष्मा, पायात बूट. चकतीचा तुकडा काठावरून घसरला तर उघड्या पायावरच पडतो.

गॅरेज_अक्कलकोट_रोड

यातून पुढे कुणाला मोटारसायकलचं मडगार्ड करायचं असेल तर १ मिमी सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला पोलादी) पत्रा, डीडी किंवा ईडीडी (खोल आकार देता येणाऱ्या) दर्जाचा. तिथे ताव देत नाहीत, थंडच ठोकतात. काठ आवळायला मुद्दाम चुणी घालून ती टोकाकडून आत दाबत आणतात, म्हणजे वाटीत जो दोष तेच तिथे तंत्र. गॅल्व्हनाइज्ड पत्रा फुकट मिळाला तरी तापवू नका. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि गूळ-दूध पिऊन तो टळत नाही. श्वासाला त्रास झाला तर डॉक्टर.

होटगीरोड

दुसरी चकती. काठ कानशीने घासून घेतला, वर्तुळं १० मिमीवर, चार फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर ताव. खोली ३८, तोंड १२४, चीर नाही. मठारताना एका बाजूला ‘टण’ येतोय, दुसऱ्या बाजूला सतत ‘टप’.

ठोकपीट

खुंटा तिरका बसलाय किंवा वाटी अंडाकृती आहे. आधी तोंड दोन दिशांनी मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब बाजू मांडीवर धरून हातानेच दाबा, हातोडी नको. फरक नसेल तर खुंट्याच्या तळाशी पाचर मारा आणि पुन्हा आवाज ऐका.

होटगीरोड

१२६ आणि १२२ भरली. दाबून १२४ केली. ‘टण’ आला.